आंबिलीचा वास

१

मास्क तोंडावर घट्ट होता, तरी काडी विझली.

शिवानीने दुसरी काडी ओढली, हात लांब धरला आणि मास्कमधूनच फुंकर मारली. ज्योत वाकली आणि गेली. तिसरीचंही तेच झालं. मग तिने मास्क हनुवटीखाली ओढला आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीकडे पाहिलं.

"अक्का, चांगल्या मास्कमधनं फुंकर अशी भसकन बाहेर येत न्हाई. आमच्या वॉर्डातली धोंडाबाई रोज म्हणायची, फरशी झाडली की माझ्या नाकात धूळ जाती. आम्ही हसायचो तिला. आज म्हणलं, घरी जाऊन बघावं."

मंजुषा मठपतीने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि कात्री शोधली. लातूरच्या सरकारी औषध भांडारात ती गुणवत्ता निरीक्षक होती. भांडारात येणारा हातमोजा, सुई, मास्क मानकात बसतो की नाही ते पाहून सही करणं हे तिचं काम. नऊ वर्षांत तिच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि तिला त्याचा थोडा तोराही होता.

तिने मास्क उभा कापला आणि पदर वेगळे केले. पाच असायला हवे होते, पाचच होते. पण मधला पदर म्हणजे मास्कचा जीव. जंतू अडतात ते तिथे. त्याला कागदाचा कपटा दाखवला तरी तो ओढून घेतो. मंजुषाने कपटा धरला, तो खाली पडला. पदर बोटांत चोळून बघितला तर लग्नात आहेर देतात त्या पिशवीचं कापड.

"किती दिवस घालताय तुम्ही हे?"

"दीड महिना."

शिवानी ज्या वॉर्डात नर्स होती तिथले क्षयरोगी नेहमीच्या औषधांना दाद न देणारे. तिथे सहा नर्स आणि एक धोंडाबाई, आणि त्यांच्या आणि त्या रोगाच्या मधे एवढाच एक मास्क.  तो मास्क पास करणारी सही मंजुषाची होती.

"अक्का, मला काही होत न्हाई," शिवानी म्हणाली आणि खोकली. साधाच खोकला होता, फोडणीच्या धुराचा. तरी दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषाने भांडार उघडलं. उदगीरच्या कारखान्यातून बारा खोकी आली होती. त्यातली पहिली आठ शिवानीच्या वॉर्डात रिकामी झाली होती, नऊ ते बारा क्रमांकाची चार शिल्लक होती. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर कागदाची पट्टी होती आणि तिची सही अर्धी पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर. सही कुठे तुटलेली नव्हती, रेघेला रेघ जुळत होती.

पट्ट्यांना धक्का न लावता तिने खोकी तळाकडून उघडली आणि एकेका खोक्यातला मास्क लावून काडी ओढली. नऊ, दहा, अकरा... तिन्ही वेळा काडी विझली. बाराव्या खोक्यातल्या मास्कमधून तिने जीव खाऊन फुंकर मारली, पण ज्योत हलली नाही. तिने त्या खोक्यातले सगळे मास्क तेव्हाच वॉर्डात पाठवून दिले.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. नऊ, दहा आणि अकराच्या पट्ट्यांच्या कडा झुरळांनी कुरतडल्या होत्या. बाराव्याची पट्टी कोरीकरकरीत होती. चारही खोकी एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेली होती. झुरळांना कसली एवढी आवडनिवड?

"काय मठपती मॅडम, इतक्या सकाळी?"

ती दचकली. दारात रामकिशन साहेब उभे होते. तिचे वरिष्ठ, मूळचे किनवटकडचे, गेल्या वर्षी बदलून आलेले. मंजुषाने सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हे वाईट झालं. नमुने तुम्ही काढले, खोकी तुम्ही बंद केली. पट्टी फुटलेली न्हाई. मग लोक काय म्हणतील?"

"पण साहेब, उदगीरला आपण दोघंही होतो."

"होतो ना. पण येळवसाच्या दिवशी मी कुठं होतो? विश्रामगृहात. आमच्याकडं ती येळवस-बिळवस काही नसते. पोट बिघडलेलं, उठवत नव्हतं. त्या कारखानदार अप्पांच्या घरच्यांनी आंबील पाठवली, गरम गरम प्यालो अन् दिवसभर पडून राहिलो. तुम्ही मात्र कारखानदाराच्या शेतात जेवायला गेलत्या. मी हे कुठं बोलणार न्हाई, पण विचारलं तर खोटं कसं सांगू?"

 मंजुषा गेली होती खरी. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. जिल्हा अख्खा शेतात पूजेला आणि जेवायला जातो त्या दिवशी. बोलावलं तर जायचं, यात कुणाला काही वाटत नाही. आता वाटणार होतं.

"मी चौकशी करून राहिलो," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "गवगवा नको. उद्या दुपारी येतो. पट्ट्या, खोकी, सगळं काढून ठेवा. वॉर्डाजवळचा माल हाय, जाळून टाकू. मी कुणाला सांगत न्हाई, तुम्हीही सांगू नका."

तिच्या हातात एक दिवस होता. साहेब गेल्यावर तिने नववी आणि बारावी पट्टी भिजवून सोडवली, एका पाकिटात घातली आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या धम्मदीपकडे दिली. "ह्याच्या पाठीला काय लावलंय तेवढं बघ. आणि हा माझा डिंक." तिच्या पर्समध्ये डिंकाची बाटली कायम असे. सही, शिक्का आणि डिंक दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हे ती नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकली होती.

मग तिने उदगीरची एसटी पकडली.

३

एसटीत तिने तो दिवस पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. येळवसाच्या आदल्या दिवशी उदगीरला बाराही खोक्यांतून मास्क काढले. नमुन्यांवर लाखेचं सील तिने स्वतः मारलं, ते तिच्याच पर्समधून प्रयोगशाळेत गेले आणि उत्तम ठरले. खोक्यांना पट्ट्या लावल्या. पण दुसऱ्या दिवशी येळवस. टेम्पोवाला सापडेना, हमाल सापडेना. खोकी कारखान्याच्या गोदामात एक दिवस राहिली. म्हणजे माल आदल्या दिवशी चांगला होता, नंतर बदलला. आणि बदलणाऱ्याला अख्खं रिकामं गाव मिळालं होतं. त्या दिवशी उदगीरच्या बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही.

कारखान्याचे मालक गुरुपादप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज डाळमिल चालवण्याच्या काळापासून मोठाच.

"माझ्या मास्कात पिशवीचं कापड? बाई, माझ्या गळ्यात लिंग हाय! शेतात दीडशे माणूस जेवलं त्या दिवशी. तू स्वतः बघितलीस. मी सकाळपासनं दिवस बुडेपर्यंत कोपीपासनं हललो का?"

ते हलले नव्हते, हे तिला आठवत होतं. कडब्याच्या कोपीपुढे, पूजेसाठी उभारलेल्या त्या खोपटापुढे बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत होते.

"गोदामाची किल्ली कुठं होती, अप्पा?"

"कुठं असायची? दारावर बसवण्णाचा कोनाडा हाय, त्याच्या पाठीमागं. समद्या गावाला ठावं हाय."

आतून त्यांचा पुतण्या श्रीशैल आला. कारखान्याची सगळी कामं तोच बघे. इस्त्रीचा शर्ट, तोंडावर हसू. "या मॅडम. तुम्ही येणार हे साहेबांनी फोन करून सांगितलंच होतं. चहा घ्या."

मंजुषाने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. साहेब तर कुणालाच सांगणार नव्हते. आणि ती इथे येणार हे तिने साहेबांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते ओळखलं होतं.

"श्रीशैल, येळवसाला दुपारी तू शेतात नव्हतास."

हसू जरा आखडलं. "दोनेक तास. काकूनं साहेबांसाठी जेवण दिलं होतं, ते पोचवायला गेलो. आल्यावर तुमच्याच पंगतीला वाढलं की."

मग मंजुषा अप्पांच्या घराकडे गेली. मागच्या दारी गौरम्मा, अप्पांची बायको, शेंगा फोडत बसली होती. तिला मंजुषा अव्वा म्हणे. तिने मंजुषाला जवळ बसवलं.

"हाव, मीच धाडली आंबील. सायबाला बरं न्हाई म्हणून. येक बिंदगी भरून आंबील, भज्जी, उंडे. त्या दिवशी शेताभायेर गेलेली तेवढी येकच बिंदगी बघ. का गं, काय झालं?"

"तुमची आंबील अजून जिभेवर आहे, अव्वा. दात शिवशिवले होते."

"मग! रातीच जवारीचं पीठ शिजवायचं, थंड झालं की ताकात कालवून ठेवायचं. लसूण मोप घालायचा. सकाळी गारढोण होती. येळवसाची आंबील कुणी तापवत असतंय का? ताक फाटंल की!" गौरम्मा हसली. मंजुषालाही हसू आलं, पण तिचं डोकं श्रीशैलच्या दोन तासांतच अडकलं होतं.

४

परतीच्या एसटीत फोन वाजला. धम्मदीप होता.

"मॅडम, तुमचा डिंक मी आयोडीनच्या थेंबानं तपासला. तांबूस राहिला. बाराव्या खोक्याच्या पट्टीची पाठही तांबूस. पण नवव्याच्या पट्टीवर थेंब टाकला अन् काळीनिळी झाली. त्यावर पीठ हाय. कुणीतरी डिंकाऐवजी खळ लावली."

म्हणून झुरळांनी बाराव्याची पट्टी सोडून बाकीच्या कुरतडल्या होत्या. मंजुषाने पर्समधून दहाव्या खोक्याच्या पट्टीचा तुकडा काढला. सकाळी भांडारातून निघताना फाडून घेतला होता. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब त्यावर टाकले, बोटाने चोळलं आणि बोट नाकाशी नेलं.

आंबट. दीड महिन्याचा जुना, पण आंबटच. आणि मागून लसूण.

 तो वास तिला लहानपणापासून माहीत होता. कडब्याची कोप, त्यातले चुन्याने रंगवलेले पाच दगड, आजोबा शेताच्या कडेने आंबील शिंपडत चाललेले, आणि मागून त्या दोघी बहिणी पळतायत. तो वास कुणीतरी तिच्या सहीच्या पाठीला लावला होता.

ओल्या फडक्याने पट्ट्या सोडवल्या, माल बदलला, आणि पट्ट्या जागच्या जागी डकवायला आंबील वापरली. शेताबाहेर आंबिलीची एकच घागर, गौरम्माची बिंदगी, गेली होती. नेली श्रीशैलने, घेतली रामकिशन साहेबांनी. दोघांपैकी एक.

श्रीशैल आणि दोन तास. पण दोन तासांत विश्रामगृहाला जायचं, गोदामात अकरा खोक्यांतले मास्क बदलायचे, पट्ट्या वाळवायच्या आणि परत येऊन पंगतीला वाढायचं? जमणारं नव्हतं. शिवाय श्रीशैलचं घर गोदामाच्या मागेच. घरात डिंक असणार, नसला तर मुलांच्या दप्तरात असणार. आणि काही झालं तरी उदगीरचा माणूस येळवसाची आंबील पिकावर शिंपडेल, पाहुण्याला पाजेल. कागदाला फासणार नाही. हे सुचेल ते फक्त अशा माणसाला, ज्याला ती नुसती पिठाची पेज वाटते. परक्या गावात, सगळी दुकानं बंद असताना, डिंकाची बाटली मंजुषाच्या पर्समध्ये शेतात गेलेली असताना, हाताशी आलेली पेज.

'गरम गरम प्यालो.'

मंजुषाने एसटीच्या खिडकीची दांडी घट्ट धरली. गारढोण आंबील कुणी गरम प्यायला होता? विश्रामगृहाचा स्वयंपाकीसुद्धा कुलूप घालून शेतात गेला होता, तापवणार कोण? ज्याने ती तोंडाला लावलीच नाही, त्यालाच ती गरम वाटणार. त्याच्या गावाकडे आजाऱ्याला आंबील गरम देत असतील, म्हणून तो तसं बोलून गेला.

आणि उद्या दुपारी तोच माणूस पट्ट्या जाळायला येणार होता. तिने फोन उचलला आणि गुरुपादप्पांचा नंबर लावला. 

५

साहेब सांगितल्या वेळेला आले. आत आल्यावर त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. "ऊन लई हाय," म्हणाले.

मंजुषा टेबलामागे उभी होती. टेबलावर पट्ट्या मांडलेल्या होत्या. शटर खाली येताना तिला वाटलं, आपण मूर्खपणा केला. साहेबांनी कोपऱ्यातली लोखंडी बादली ओढली, पट्ट्या तिच्यात टाकल्या आणि खिशातून काडेपेटी काढली.

"उदगीरला गेलत्या म्हणं. मी नको म्हणलं होतं."

"तुम्ही कुणाला सांगू नका म्हणालात. मी कुणाला सांगितलं नाही. श्रीशैलला तुम्हीच फोन केला."

काडी ओढल्याचा आवाज झाला. "मॅडम, तुम्हाला एक बहीण हाय. तिच्याच वॉर्डाला तुम्ही खराब माल दिला, असं उद्या छापून आलं तर? नोकरी जाईल. ती सांभाळायची का आंबील हुंगत बसायचं?"

 मंजुषाने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "आंबिलीचं मी अजून नावही काढलं नाही, साहेब."

काडी जळत राहिली.

"गार होती ती," ती म्हणाली.  "रात्रीच करून ठेवतात. तुम्ही प्यायला असता तर तुमचे दात शिवशिवले असते. तुम्ही ती अकरा पट्ट्यांना लावली. बाराव्या खोक्यापर्यंत येईस्तोवर दिवस कलला आणि माणसं शेतातून परतायला लागली, म्हणून ते तसंच राहिलं. पोट तुमचं बिघडलंच नव्हतं."

आगीचा चटका बोटाला लागला तशी साहेबांनी काडी टाकली आणि दुसरी ओढली. या वेळी ते टेबलाला वळसा घालून तिच्याकडे आले. "कोण मानंल हे? पट्ट्या आत्ता राख होतील."

"ह्या कालच्या टपालाच्या पट्ट्या आहेत," मंजुषा म्हणाली. "खऱ्या धम्मदीपकडे आहेत."

साहेबांनी तिचं मनगट धरलं. तेवढ्यात मागच्या फळ्यांआडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि गुरुपादप्पा बाहेर आले. त्यांच्यामागे धम्मदीप आणि साध्या कपड्यांतले दोन पोलीस. अप्पांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"काल सांजच्याला श्रीशैलला म्हणलं, लिंगावर हात ठिव आन् बोल," ते म्हणाले. "न्हाई ठिवला त्यानं. रडत बसला. चांगले मास्क नमुन्यापुरते भायेरनं आणले, पिशवीवाले आपल्या मशिनीवर केले, अन् बदलायला ह्यो सायब. किल्लीची जागा श्रीशैलनंच दावली. माझ्या बसवण्णाच्या पाठीमागची किल्ली." त्यांनी साहेबांकडे पाहिलं. "अन् माझ्या बायकूनं तुम्हास्नी आंबील धाडली होती, सायब. माणूस आजारी हाय म्हणून."

साहेबांनी मनगट सोडलं. त्यांच्या बोटांतली काडी कधीच विझली होती.

६

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की लगेच कळत नाही. वाट पाहावी लागते. मंजुषा रोज शिवानीचा खोकला मोजायची. शिवानी चिडायची, मग तीही गुपचूप मोजायची.

चैत्रात तपासण्या झाल्या. सहाही नर्स सध्या तरी सुटल्या होत्या, तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचं होतं. शिवानीने अहवाल हातात दिला तेव्हा मंजुषा ओट्याला टेकून ढसाढसा रडली. मग शिवानी हळूच म्हणाली, "अक्का, धोंडाबाईच्या अहवालात क्षय आलाय."

ज्या वॉर्डाची फरशी तिने अकरा वर्षं झाडली, त्याच वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर धोंडाबाई आता पडून होती. मंजुषा बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीपाशी येऊन थांबली. 

"धोंडाबाई, त्या खोक्यांवर सही माझी होती."

"ठावं हाय." धोंडाबाई उशीवर जराशी उठून बसली. अंगात काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे तसेच मिश्कील. "सही तुझीच व्हती, अन् वास बी तूच काढलास. शिवानी सांगून गेली समदं. आता भायेर का उभारलीस? ये की आत. बस घडीभर, कुणी येतच न्हाई बघ."

मंजुषाने पर्समधून नवा मास्क काढून लावला आणि दाराकडे वळली.

"थांब!" धोंडाबाईने हात वर केला. तेवढ्यानेही तिला धाप लागली. "तसंच येतीस व्हय? आधी काडी ओढ. तिथंच, माझ्या डोळ्यापुढं."

मंजुषाने काडी ओढली, हात लांब धरला आणि फुंकर मारली. ज्योत सरळ उभी राहिली. धोंडाबाई खिडकीतून बघत होती. मंजुषाने पुन्हा फुंकर मारली, पुन्हा एकदा, काडी जळत बोटापर्यंत आली तरी.

"हां," धोंडाबाई म्हणाली. "आता ये."